सोलापूर–तुळजापूर सायकल शर्यत : गर्दी, बॅरिकेड आणि मोटरसायकली

मागचंचाक

नमस्कार मंडळी. डिसेंबरात सोलापूर ते तुळजापूर आणि परत अशी साधारण ९० किमीची मास स्टार्ट (सगळे एकदम सुटतात अशी) शर्यत घ्यायचं चाललंय. ६० स्पर्धक, सगळे शर्यतीचा सराव असलेले. हौशी राईड वेगळ्या दिवशी आहे, तिचा विषय इथे नको. रस्ता पूर्ण वेळ बंद मिळणार नाही. शर्यत आली की अडवायचं आणि शेवटची गाडी गेली की सोडायचं, असंच करावं लागेल.

कच्च्या आराखड्यात मोटरसायकली अशा आहेत : पोलीस ४, मार्शल ६, पंच २, फोटोग्राफर ४, व्हिडिओ २, प्रायोजकांचे पाहुणे २. एकूण २०. शेवटच्या रेषेला १०० बॅरिकेड. घाटात दोरी.

कुठे चुकतंय ते मोकळेपणाने सांगा.

सातरस्ता

६० सायकलींना २० मोटरसायकली, म्हणजे तीन सायकलस्वारांमागे एक बाईक. ही शर्यत नाही मालक, वरात आहे.

आधी मोटरसायकलीचंच बोलू. गर्दीने धडक दिली तर बहुधा एक-दोघं पडतात, पण दीडशे-दोनशे किलोची बाईक घोळक्यात शिरली तर जीव जातो. २७ मार्च २०१६ रोजी गेंट-वेवेल्गेम शर्यतीत बेल्जियमचा आंतोआन दमोइतिए इतरांबरोबर पडला, मागून येणारी मोटरसायकल त्याच्यावर आदळली आणि तो वाचला नाही. त्याच वर्षी मे महिन्यात बेल्जियम टूरमध्ये दोन मोटरसायकलींच्या अपघातातून मोठा ढीग झाला आणि स्टिग ब्रुक्स कोमात गेला. त्याच्या आदल्या वर्षी, २०१५ मध्ये, सान सेबास्तियनच्या शर्यतीत एकटा पुढे निघालेल्या ग्रेग व्हान आव्हरमाटला मागून मोटरसायकलीने उडवलं आणि स्पेनच्या व्हुएल्टा शर्यतीत पीटर सागानलाही तसंच. हे सगळे चालक या कामात मुरलेले होते.

धोका येतो तो ओव्हरटेकमधून. बाईक घोळक्याच्या पुढे किंवा मागे आपलं अंतर धरून चालली तर फारसं बिघडत नाही. तुमच्या मार्गावर अडवायच्या जागा, म्हणजे चौक, गावफाटे, दुभाजकातल्या फटी, ३० धरा. सहा मार्शल बाईक पहिल्या सहा जागा अडवतील. उरलेल्या २४ जागांसाठी कुणीतरी मागून घोळका ओलांडून पुढे जायला हवं. म्हणजे २४ ओव्हरटेक, आणि तेही एका दिशेने जातानाच.

एका ओव्हरटेकला किती रस्ता लागतो? घोळका ताशी ४५ने चाललाय, लांबी १२० मीटर. बाईक ताशी ६०ने जाते. फरक १५, म्हणजे सेकंदाला सव्वाचार मीटरच्या आसपास. घोळका ओलांडायला २८-२९ सेकंद, आणि तेवढ्यात बाईक जवळपास ४८० मीटर पुढे गेलेली असते. आधीचं-नंतरचं अंतर धरून ६०० मीटर सरळ, रुंद, मोकळा रस्ता हवा. त्या ६०० मीटरमध्ये एक गाव, एक स्पीडब्रेकर किंवा दुभाजक सुरू होण्याची जागा आली की बाईकवाल्याला दोनच मार्ग उरतात. ब्रेक मारायचा नाहीतर घोळक्यात घुसायचं.

म्हणून ३० जागांवर पायी, एका जागी ठरलेले मार्शल द्या. चौकाला ४, गावफाट्याला २, दुभाजकाच्या फटीला १. माणसं लई लागतील, पण ओव्हरटेक शून्यावर येतील. मग फिरत्या बाईक इतक्याच : पोलीस ३, मार्शल ४ (राखीव म्हणून, एखादी जागा उघडी पडली तर), पंच २, फोटो १, व्हिडिओ १. अकरा. पाहुण्यांना शेवटच्या रेषेला मंडपात बसवा, चहा द्या.

कडकभाकरी

सातरस्ता, हिशेब पटला. पण एकच फोटोग्राफर? प्रायोजक पैसे देतो ते फोटोसाठीच. चार नाही तर किमान तीन तरी ठेवा की ओ.

सातरस्ता

तीन काय, आठ ठेवा. पण बाईकवर एकच. बाकीचे पहाटेच चारचाकीने ठरलेल्या जागी सोडायचे : शहराच्या वेशीवर, टोलनाक्यानंतर, घाटाच्या पहिल्या वळणाच्या आतल्या बाजूला, रेषेवर. उभ्या माणसाचा फोटो स्थिर येतो आणि एकाच मोटरसायकलीच्या पाठीवरचे तेच ते शंभर फोटोही होत नाहीत.

दुसरं कारण शर्यतीच्या न्यायाचं. पुढे चालणारी बाईक हवा फोडते आणि मागच्याला आयता आडोसा मिळतो. बेर्ट ब्लॉकेन यांच्या चमूने हवेच्या विरोधाचा अभ्यास केलाय. बाईक सुमारे अडीच मीटर पुढे असेल तर सायकलस्वारावरचा हवेचा विरोध ४८ टक्क्यांनी घटतो. ३० मीटर पुढे असली तरी १२ टक्के, ५० मीटरवर ७ टक्के. म्हणजे एकट्या पळणाऱ्यापुढे व्हिडिओवाला २० मीटरवर राहिला तर निकाल त्याच्या हातात गेला. म्हणून चढ सोडून इतरत्र ५० मीटरच्या आत कुणी नाही, हा नियम लिहूनच द्या. शॉट घ्यायला जवळ यायचं तर दहा सेकंद, बाजूने, आणि लगेच पुढे.

शिट्टी

बाईकस्वारांसाठी छापील सूचना लागणार, त्यात हे टाका.

ओव्हरटेक पंचाने रेडिओवर 'हो' म्हटल्यावरच. एका वेळी एक. सगळ्यांनी उजवीकडूनच, म्हणजे सायकलस्वारांनाही बाईक कुठून येणार ते ठाऊक असतं. हॉर्न घोळक्याच्या ५० मीटर मागून, दोनदा आखूड. कानाशी येऊन कर्कश वाजवला की दचकून माणूस हँडल वळवतो आणि अपघात होतो तो त्यानेच. उतारावर, वळणात, गावात, पाणी-खाणं देण्याच्या पट्ट्यात आणि शेवटच्या ३ किमीत ओव्हरटेक बंद. पुढे निसटलेल्या टोळीत आणि मुख्य घोळक्यात एक मिनिटापेक्षा कमी अंतर राहिलं की मधल्या सगळ्या बाईक पुढे काढायच्या. ३० सेकंद झाल्यावर काढायला गेलात तर उशीर झालेला असतो.

घोळक्यापुढे असताना ब्रेक दाबायचा नाही. वेग कमी करायचा तर थ्रॉटल सोडून, आरशात बघत. पुढे खरंच अडचण असेल तर मागे बसलेल्याने हात वर करून झेंडा हलवायचा. चालक एकटा असेल तर त्याला झेंड्याचं काम देऊ नका.

गाड्यांची तयारी. लेग गार्ड काढा, सायकलचं हँडल नेमकं त्यात अडकतं. डावीकडच्या साडी गार्डचंही तेच, तो निघत नसेल तर दुसरी गाडी घ्या. बाजूच्या पेट्या, बॅगा, लोंबणारे झेंडे नकोत. टाकी भरलेली. चढावर ताशी १२-१५ने दहा-पंधरा मिनिटं अर्धा क्लच धरून गेलात तर क्लच प्लेट जळतात आणि हवेवर थंड होणारं इंजिन तापतं. घाटात पंचांना गिअर नसलेली मोठी स्कूटर सरस पडते, रुबाब कमी असला तरी. आणि सायलेन्सर मूळ कंपनीचा. फटफट करणाऱ्या बुलेटच्या आवाजात रेडिओ ऐकू येत नाही.

मागे बसणाऱ्याने तोंड पुढे करूनच बसायचं. उलटं बसून चित्रीकरण करणं हे बाकी कुणाला जमत असेल, इथे नको.

व्हॉट्सॲप ग्रुपवर शर्यत चालत नाही. हातात मोबाईल धरून एका हाताने बाईक चालवणारा मार्शल हा स्वतःच एक धोका आहे. हेल्मेटमध्ये इअरपीस असलेले वॉकीटॉकी, आणि बोलण्याचा हक्क फक्त पंच, संचालक आणि पोलिसांच्या पुढच्या गाडीला. बाकीच्यांनी ऐकायचं.

मागचंचाक

साडी गार्डचं डोक्यातच नव्हतं. ठरलेल्या जागेवरच्या मार्शलने नेमकं काय करायचं, तेही सांगा.

शिट्टी

पिवळा झेंडा आणि शिट्टी, एवढंच साहित्य. चौक अडवणारा शर्यतीकडे पाठ करून उभा राहतो, तोंड येणाऱ्या वाहनांकडे. शर्यत बघायची हौस असेल तर त्याला हे काम देऊ नका.

रस्त्यातला अडथळा दाखवणारा मात्र सायकलस्वारांकडे तोंड करून, अडथळ्याच्या आधी २०-३० मीटरवर, झेंडा डोक्यावर उभा धरून. दुभाजकाच्या टोकाला चिकटून उभं राहायचं नाही. ताशी ४५ म्हणजे सेकंदाला साडेबारा मीटर. पुढच्याला तो झेंडा दिसतो, तिसाव्या नंबरच्याला पुढच्यांच्या पाठी दिसतात. म्हणून त्याच्यासाठी शिट्टी, आणि शेवटचा सायकलस्वार जाईपर्यंत ती थांबवायची नाही.

शिट्टी वाजवायला लागायची वेळ पोलिसांची पुढची गाडी ठरवते. ती शर्यतीच्या ५ ते ८ मिनिटं आधी जाते आणि तेव्हाच रस्ता अडतो. त्याहून आधी अडवलात तर लोक वैतागून मधूनच घुसतात. त्याहून उशिरा अडवलात तर उसाची जोड ट्रॉली चौकाच्या मध्यावर अडकलेली असते, आणि ती मागे घेता येत नाही.

घाटवळण

आता गर्दी.

मोटरसायकल आणि गर्दी हे दोन प्रश्न वेगळे धरले की फसगत होते. १४ जुलै २०१६, तूर द फ्रान्सचा १२वा टप्पा, माँ व्हाँतू. माथ्यावर वारा इतका की शेवटची रेषा सुमारे ६ किमी खाली, शाले रेनारला आणली. वर पसरायची ती गर्दी खालच्या रस्त्यावर दाटली. पुढची मोटरसायकल त्या गर्दीत थांबली, रिची पोर्ट तिच्यावर आदळला, मागोमाग क्रिस फ्रूम आणि बाउके मोलेमा. फ्रूम सायकल सोडून चढावर पायी पळत सुटला, ते दृश्य सगळ्यांनी पाहिलंय. २०२३च्या तूरमध्ये जू प्लानच्या चढावर पोगाचारचा हल्ला (एकदम वेग वाढवून निसटायचा प्रयत्न) असाच पुढच्या बाईकनी अडवला. त्यांनाही गर्दीतून पुढे जागा मिळाली नव्हती. रस्ता गर्दीने चिंचोळा केला की बाईक हाच अडथळा होतो.

म्हणून घाटात माझा आग्रह एकच : माथ्याच्या आधीच्या दाट पट्ट्यात शर्यतीच्या २०० मीटर पुढे फक्त पोलिसांची बाईक आणि पाठीमागे पंच. फोटो, व्हिडिओ, मार्शल, सगळे पाच मिनिटं आधीच वर निघून गेलेले.

दोरीबद्दल. आपल्याकडे सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत सात नंदीध्वजांची मिरवणूक निघते तेव्हा दोरी धरलेली माणसं वाट करतात आणि ते जमतं, कारण काठ्या पावला-पावलाने पुढे सरकतात. लोकांना बाजूला व्हायला वेळ मिळतो. सायकल चढावरही ताशी २० धरते. हाताने धरलेली दोरी मागून रेटा आला की रस्त्यावर येते आणि मग तीच गळ्याशी. घाटात दोरी लावायची तर जमिनीत रोवलेल्या खांबांना, ३ मीटरवर एक खांब, कमरेच्या उंचीला, डांबराच्या कडेपासून एक मीटर मागे. आणि प्रत्येक २० मीटरला एक स्वयंसेवक, लोकांकडे तोंड करून.

सगळा घाट झाकायची गरज नाही. लोक जमतात ते वळणाच्या बाहेरच्या अंगाला आणि चढ मोडतो तिथे. वळणाची बाहेरची बाजू पूर्ण रिकामी ठेवा, उतारावर घसरलेली सायकल तिथेच जाते. प्रेक्षक आतल्या बाजूला, उंचावर.

आपल्याकडचे खास प्रकार वेगळेच :

गुलाल आणि फुलांच्या पाकळ्या. डांबरावर ओली झेंडू पसरली की सायकलचं २५-२८ मिलिमीटरचं टायर वळणात हमखास घसरतं. स्वागत करणाऱ्या गावांना आधीच सांगा, हार रेषेनंतर.

हलगीवाले. त्यांना हाकलू नका, शर्यतीला रंगत त्यांच्यामुळेच येते. त्यांना बॅरिकेडच्या मागे एक चौथरा द्या. नाचणारे घोळक्याने रस्त्यात येतात ते हलगी रस्त्यात असते म्हणून.

स्वागतकमानी. पाय रस्त्याच्या डांबरावर आले की १० मीटरचा रस्ता ७ मीटरचा होतो. पाय खांद्याच्या बाहेर, नाहीतर कमानच नाही.

मोबाईल. २६ जून २०२१ रोजी तूरच्या पहिल्याच टप्प्यात आजी-आजोबांसाठी लिहिलेला पुठ्ठा घेऊन एक बाई कॅमेऱ्याकडे बघत उभी होती, पाठ शर्यतीकडे. टोनी मार्टिन तिच्या पुठ्ठ्याला धडकला आणि मागचा अख्खा घोळका कोसळला. सेल्फीवाल्याचीही पाठ शर्यतीकडेच असते. आणि हा दोष फक्त प्रेक्षकांचाच असतो असं नाही. १९९४च्या तूरमध्ये आरमाँतिएरला शेवटच्या रेषेजवळ फोटो काढायला पुढे आलेला माणूस बंदोबस्तावरचा पोलीसच होता. नेलिसन आणि जालाबेर त्याच्यामुळे पडले. बंदोबस्ताच्या सूचनेत 'मोबाईल खिशात' ही ओळ पहिली टाका.

आणि कार्यकर्त्यांच्या बुलेट. घोळक्याच्या मागे झेंडे लावून दहा-वीस दुचाकी लागणार हे धरूनच चला. शेवटच्या गाडीनंतर पोलिसांची एक जीप हवी, तिला ओलांडून कुणी पुढे नाही.

मंडपवाला

शंभर बॅरिकेड अपुरी आहेत. आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेच्या नियमात रेषेच्या आधी किमान ३०० मीटर आणि नंतर १०० मीटर, दोन्ही बाजूंना, असं आहे. ४०० मीटर गुणिले दोन म्हणजे ८०० मीटर. दोन मीटरचं एक धरलं तर ४०० नग. आडव्या गल्ल्यांसाठी आणि मोडतोडीसाठी ३० जादा.

पोलिसांची चाकवाली बॅरिकेड चौकासाठी ठीक, शेवटच्या सरळ पट्ट्यात नकोत. पाय रस्त्याच्या बाजूला येतात, त्यात पेडल अडकतं, आणि धक्का बसला की ती चाकांवर सरकतात. २०२० मध्ये पोलंडच्या शर्यतीत कातोवित्सेला फाबिओ याकोबसन बॅरिकेडवर आदळला, तेव्हा ती तुटून उधळली आणि तो मरता मरता वाचला. तिथे उताराचा स्प्रिंटही होता. म्हणून पाय प्रेक्षकांच्या बाजूला, प्रत्येक जोड वरखाली दोन ठिकाणी बाइंडिंग तारेने आवळायचा आणि तारेची टोकं मागे वळवायची. दर तिसऱ्या बॅरिकेडच्या पायावर वाळूचं पोतं, २५ किलोचं. दोन बॅरिकेडमध्ये फट नको. रस्त्याच्या बाजूने सलग कापड लावा म्हणजे हँडल आणि पेडल गजांत अडकणार नाही. फ्लेक्स लावणार असाल तर त्याला वाऱ्यासाठी भोकं पाडा, नाहीतर दुपारपर्यंत सगळी रांग आडवी.

खर्च वाचवायला बांबूचे आडवे वासे कुणी सुचवेल. टोकं सायकलस्वाराच्या दिशेने येतात, छातीत शिरतील. नको.

प्रेक्षकांना पलीकडे जायला एकच ठिकाण, रेषेच्या १५० मीटर मागे, दोन माणसांचा पहारा. शर्यतीच्या १० मिनिटं आधी ते बंद.

रेषेनंतर १०० मीटर रस्ता निव्वळ रिकामा. ताशी ६०ने रेषा ओलांडणारा सेकंदाला साडेसोळा मीटर जातो, आणि तेव्हा त्याची मान खाली असते. फोटोवाले, मालिशवाले, हार घेऊन धावणारे नगरसेवक, सगळे त्या १०० मीटरच्या पुढे. सोबतच्या बाईक आणि गाड्या रेषेच्या ३०० मीटर आधीच बाजूच्या रस्त्याला वळवा. तो फाटा आधी ठरवा आणि तिथे ठळक बाण लावून दोन माणसं उभी करा. घोळका चुकून बाईकच्या मागे वळला तर काय होईल ते सांगायला नको.

सातरस्ता

परतीचा विचार सोडा, असं सुचवतो. चौपदरी रस्ता आहे. एकाच दिशेला, तुळजापूरकडे जाणारी बाजू बंद आणि दुसऱ्या बाजूवर दुतर्फा वाहतूक, हे पोलिसांना पटेल. येऊन-जाऊन केलंत तर दोन्ही बाजू अडतात आणि ९० किमीला मार्शल दुप्पट. अंतर वाढवायचं असेल तर सुरुवातीलाच शहराबाहेर छोटी फेरी दोन-तीनदा घ्या, तीच माणसं तिथे पुन्हा वापरता येतात.

शहरात शर्यत सोडू नका. जुन्या तुळजापूर नाक्यापर्यंत संचालकाच्या गाडीमागे ताशी २५ने सगळ्यांना न्यायचं आणि हायवेला लागल्यावर झेंडा. तामलवाडीच्या टोलनाक्यावर सगळ्यात कडेची रुंद लेन मोकळी करून घ्या, दांडा काढून ठेवा, आधीच्या रंबलरवर आणि लेनच्या सिमेंटच्या टोकांवर दोन-दोन झेंडे. ६० जणांचा घोळका एकदम एका लेनमध्ये शिरतो ती या मार्गावरची सगळ्यात वाईट जागा आहे. नाक्याआधी ५०० मीटरवरच प्लास्टिकच्या शंकूंनी रस्ता हळूहळू निमुळता करत आणा.

परवानगी तिघांची : सोलापूर शहर पोलीस आयुक्त, सोलापूर ग्रामीण आणि धाराशिव पोलीस अधीक्षक. जिल्ह्याची हद्द ओलांडली की बंदोबस्त बदलतो, आणि त्या ठिकाणी पाच मिनिटं रस्ता कुणाचाच नसतो. हद्दीवर दोन्हीकडचे अधिकारी प्रत्यक्ष एकत्र उभे राहतील असं बघा. वाहतूक वळवण्याची अधिसूचना मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५खाली निघते, अर्ज दीड-दोन महिने आधी करा. एसटीच्या दोन्ही विभागांना स्वतंत्र पत्र. कोजागिरीला याच रस्त्याने तुळजापूरला पायी जाणाऱ्यांसाठी वाहतूक वळवतात, त्यामुळे पर्यायी मार्ग पोलिसांच्या कागदावर तयारच असतो. तोच मागा.

कडकभाकरी

रुग्णवाहिका किती?

शिट्टी

चालत्या दोन, रेषेवर एक. चालत्यांपैकी एक पेशंट घेऊन गेली की दुसरी राहते. दुसरीही गेली तर शर्यत थांबवायची, संचालकाच्या गाडीमागे संथ चालवायची, एक परत येईपर्यंत. हे आधी कागदावर लिहून सगळ्या संघांची सही घ्या, नाहीतर त्या वेळी वाद घालत बसाल.

मागचंचाक

बदललेला आराखडा : एकाच दिशेला, सुरुवातीला फेऱ्या, रेषा घाटाच्या पायथ्याच्या आधी सपाटीवर. ११ बाईक. बॅरिकेड ४३०. मार्शल सध्याच्या मोजणीने ८६.

एक राहिलं. डिसेंबर म्हणजे गाळप हंगाम. ट्रॅक्टर अडवले तरी रस्त्यावर सांडलेल्या उसाचं काय?

घाटवळण

शर्यतीच्या आदल्या रात्री साखर कारखान्यांच्या शेतकी विभागाला सांगून त्या रस्त्यावरच्या ट्रॉल्या पहाटे ४ पासून थांबवा. कारखान्याच्या यार्डात उभ्या राहिल्या तर उत्तम. रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या तर बाहेर आलेले ऊस सायकलस्वाराच्या चेहऱ्याच्या उंचीला येतात.

सांडलेली कांडी चाकाखाली गोल फिरते आणि पुढचं चाक निसटतं. चिरडलेली असेल तर चिकट रस आणि चिपाड. झाडूवाली दोन पथकं पहाटे ५ला निघू द्या, एक सोलापुरातून, एक टोलनाक्यापासून पुढे. खराट्याने कडेला ढकलायचं नाही, पोत्यात भरून न्यायचं, कारण घोळका पसरला की कडेनेच जातो. शर्यतीच्या २० मिनिटं पुढे एक पिकअप, मागे दोन माणसं आणि खराटे, फक्त याच कामाला.

मागचंचाक

पिकअप यादीत टाकला. मार्शल ८६, खराटेवाले १०.